वाट बघणाऱ्यांची रुबीना

रुबीनाच्या धाकट्या भावाचा, इम्रानचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या डोळ्यात बाहुली मोठी होण्याचे थेंब घालत होते. अॅप्रनच्या खिशात फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. नांदेडच्या आमच्या नेत्ररुग्णालयात सकाळच्या वेळी बाकांवर माणसं मावत नाहीत, त्यामुळं कामाच्या मध्येच फोन घ्यायचा नाही, असा मी माझ्यापुरता नियम केलेला आहे. पण तिसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला. इम्रान म्हणाला, "ताई, आपा गेली." मी विचारलं, ऑपरेशन तर चांगलं झालं होतं ना रे? "हाव. काल सांजच्याला माझ्याशी बोलली पण. पहाटं श्वास अडकला... मग न्हाई आला." हैदराबादहून गाडी निघाली होती. दुपारपर्यंत लातूरला पोचणार होती. मी फोन ठेवला. आजोबा डोळा मिटून, मान मागे टाकून तसेच बसले होते. त्यांचा दुसरा डोळा राहिला होता. त्यात थेंब घातले, कापसाने गाल पुसला, आणि मग सुट्टीचं सांगायला गेले.

नांदेड ते लातूर हा रस्ता मी आयुष्यात किती वेळा केला असेल! लोहा, अहमदपूर, चाकूर... प्रत्येक स्टँडवर एसटी थांबत होती आणि मला वाटत होतं, ही थांबली नाही तर बरं. पोचले तेव्हा गल्लीच्या तोंडाशी चपलांचा ढीग होता. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या. रुबीनाच्या अम्मीनं मला बघितलं आणि शेजारची जागा हातानं साफ केली. "आलीस बेटा? बैस." एवढंच. नंतर अस्रच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजाच्या सुमाराला पुरुष जनाजा घेऊन निघाले. आम्ही बायका घरातच राहिलो. दार लोटलं गेल्यावर अम्मी म्हणाली, "लई थकली होती गं पोरगी. कुणाला कळू दिलं न्हाई." मला कळलं होतं. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

आता काही आठवडे उलटलेत. तिच्याबद्दल लिहावं असं वाटलं, कारण तिनं केलेलं काम डोळ्यांना दिसणारं नाही. त्याचा फोटो निघत नाही, त्याला हार घालता येत नाही. ज्यांच्यासाठी केलं त्यांतल्या बहुतेकांना तिचं नावही ठाऊक नाही.

आम्ही दोघी भेटलो लातूरच्या एका क्लासमध्ये. डॉक्टर व्हायचं म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं येतात, त्यांतलीच मी एक, मुरुडची. वडील ग्रामसेवक. आमच्या घरात माझ्या आधी कुणी बारावीला विज्ञान घेतलं नव्हतं, त्यामुळं घरदार माझ्याकडे डोळे लावून बसलेलं. सुरुवातीचे महिने मी सकाळच्या एसटीनं ये-जा करायचे. क्लासच्या त्या लांबलचक हॉलमध्ये एक मुलगी कायम कडेच्या जागेवर बसायची. मी एकदा तिला आत सरकायला सांगितलं तर म्हणाली, "मला मधूनच बाहेर जावं लागतं. दम लागतो." आणि मग लगेच, जणू त्याचं काही विशेष नाही अशा आवाजात, "डबा काय आणलास?" मी ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी आणली होती. तिनं अर्धी भाकरी घेतली आणि तिच्या डब्यातला खिमा माझ्या झाकणात वाढला. रुबीना ही अशी माझ्या आयुष्यात आली.

लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता. त्या तापानं हृदयाची एक झडप खराब केली. शाळेत असतानाच तिचं एक ऑपरेशन झालं. त्याच्या आधी आणि नंतर वर्षानुवर्षं तिचे अब्बा तिला घेऊन सोलापूरला जायचे. लातूरच्या बाजारात, गंजगोलाईजवळ त्यांचं मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. रक्त तपासायला एक दिवस बोलवायचे, छातीचा फोटो दुसऱ्या वारी, मोठे डॉक्टर भेटायचे तिसऱ्याच वारी. प्रत्येक वेळी दुकानाचं शटर पाडायचं, एसटी पकडायची, बाकावर बसून राहायचं. "अब्बा कधी चिडले न्हाईत," ती सांगायची. "मीच चिडायची. मी त्यांना म्हणायची, आपण एकदाच येऊ ना, सगळं एकदाच करू ना. ते म्हणायचे, बेटा, त्यांची रीत असते." ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, नांदेडला आमच्या भाड्याच्या खोलीत, कपडे वाळत घालता घालता. पण त्या बाकावरची मुलगी तिच्या आत शेवटपर्यंत बसून होती, असं मला वाटतं.

आम्हा दोघींनाही डॉक्टरकीला प्रवेश मिळाला नाही. निकाल लागला त्या दिवशी मी क्लासच्या जिन्यात रडत बसले होते. वडिलांना काय सांगू, हेच मला समजत नव्हतं. रुबीना जिना चढून माझ्यापर्यंत आली, आधी दम घेतला आणि म्हणाली, "रडून घे निवांत. मग नांदेडला जाऊ. तिथं आणखी लई काही शिकवतात म्हणे." गेलोही. मी डोळे तपासण्याचा अभ्यासक्रम घेतला, तिनं संगणकाचा. पुढं ती पुण्यात एका कंपनीत लागली. काही वर्षं तिकडं राहिली. अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा सामान बांधून लातूरला परतली आणि वरच्या खोलीत टेबल टाकून तिथूनच पुण्याचं काम करायला लागली. लग्न केलं नाही. स्थळ आलं की ती आधी ऑपरेशनचं सांगायची, मग चहा आणायची. पाहुणे चहा पिऊन जायचे. त्याबद्दल ती कधी कडवट बोलली नाही... निदान माझ्यापाशी तरी.

आमच्या रुग्णालयानं गावोगावी शिबिरं घ्यायला सुरुवात केली ती शुगरच्या रुग्णांसाठी. शुगरनं डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त साकळायला लागतं आणि माणसाला बराच काळ काहीच जाणवत नाही. जाणवतं तेव्हा उशीर झालेला असतो. पडद्याचा फोटो काढणारा कॅमेरा आमच्याकडे आला आणि त्या फोटोंमधले संशयास्पद फोटो वेगळे काढून देणारा एक प्रोग्रामही आला. त्यानं बाजूला काढलेले फोटो आमच्या पवार मॅडम, म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टर, स्वतः बघायच्या. अडचण एकच होती. लॅपटॉपवर हे काम इतकं सावकाश चालायचं की शिबिरात निकाल देणं अशक्यच. आम्ही फोटो काढायचो, माणसं घरी जायची, लॅपटॉप रात्रभर चालू ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी फोन लावत बसायचो. फोन मुलाचा असायचा, मुलगा ऊसतोडीला गेलेला असायचा. कुणी उचललाच तर म्हणायचं, "आता तर चांगलं दिसून राहिलंय की."

किल्लारीच्या कोंडाबाई त्यातल्याच. शिबिराला आल्या, फोटो काढला, हसून गेल्या. दुसऱ्या दिवशी निकाल आला तो वाईट होता. आम्ही फोन लावत राहिलो, निरोप धाडला, तो पोचला की नाही ते कळलं नाही. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा पावसाळा उलटून गेला होता आणि डाव्या डोळ्यात फक्त उजेड-अंधार कळत होता. मॅडमनी उजवा डोळा वाचवला. मी त्या आठवड्यात लातूरला गेले होते, तेव्हा रुबीनाला हे सांगितलं. मग तिनं जे विचारलं ते मला अगदी विचित्र वाटलं. "तो लॅपटॉप रात्रभर नेमकं काय करत असतो?" मी म्हणाले, फोटो तपासतो. "एक फोटो तपासायला एवढा वेळ? तू बघितलंस का बसून?" मी कशाला बघेन?

पुढच्या आठवड्यात ती नांदेडला आली. आमच्या नोंदणीच्या खोलीत कोपऱ्यातली खुर्ची धरून बसली आणि दिवसभर नुसती त्या लॅपटॉपकडे बघत राहिली. संध्याकाळी मला बोलावून म्हणाली, "हे बघ, हा काम करून राहिलाच न्हाई. हा नुसता उठबस करून राहिला." मग तिनं मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. संगणकानं एकामागून एक काय करायचं त्याच्या आज्ञा लिहून ठेवलेल्या असतात, त्या यादीला स्क्रिप्ट म्हणतात. आमची स्क्रिप्ट प्रत्येक फोटोसाठी तपासणीचा प्रोग्राम नव्यानं सुरू करायची. प्रोग्राम सुरू झाला की आधी आपली भलीमोठी फाइल उघडून सगळी स्मरणात भरून घ्यायचा. त्यातच सगळा वेळ जायचा. मग एक फोटो बघायचा, तो बघायला पापणी लवेल एवढाच अवधी, निकाल लिहायचा आणि बंद पडायचा. पुढच्या फोटोला परत पहिल्यापासून. "अब्बांनी एक मिक्सर दुरुस्त करून शटर पाडलं, घरी आले, आन् दुसऱ्या मिक्सरसाठी परत जाऊन शटर उघडलं, असं दिवसभर," ती म्हणाली. मी विचारलं, मग ज्यानं लिहिलं त्याला हे कळलं नाही का? ती लगेच म्हणाली, "त्याची काही चूक न्हाई. त्यानं दहा-वीस फोटोंसाठी लिहिलं असणार. तेवढ्याला ते चालतंय. तुमच्याकडं गावंच्या गावं येतील हे त्याला काय ठाऊक."

तिनं ठरवलं ते सरळ होतं. प्रोग्राम एकदाच सुरू करायचा आणि त्याच्यापुढं फोटोंचा गठ्ठा ठेवायचा. पवार मॅडमना पटेना. निकालच बदलले तर जबाबदार कोण, असं त्यांनी स्पष्ट विचारलं आणि त्यांचं विचारणं योग्यच होतं. रुबीना म्हणाली, "मॅडम, तपासणीला मी हात लावलेला नाही. प्रोग्रामला कामाला बोलवायची रीत तेवढी बदलली." मग तिनं मागच्या शिबिरांचे फोटो जुन्या पद्धतीनं आणि नव्या पद्धतीनं चालवून निकाल शेजारी शेजारी ठेवले. सगळे जुळले. जे काम उजाडेपर्यंत चालायचं ते आम्ही चहा पिऊन येईपर्यंत संपलं होतं. मॅडम दोन्हीकडचे निकाल स्वतः ताडत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "बरं. मुरुडला करून बघू."

मुरुड माझं गाव, त्यामुळं मला जास्तच हुरूप होता. ओळखीची माणसं, माझ्या आत्या, शाळेतल्या बाई, सगळे रांगेत. दुपारपर्यंत फोटोंचा गठ्ठा झाला, रुबीनानं तो चालवला, निकालाचे कागद छापून निघाले आणि आम्ही वाटायला लागलो. लोकांना नवल वाटत होतं, मलाही. तेवढ्यात रुबीना टेबलामागून उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "सुजाता, कागद वाटू नको. थांबव." झालं असं होतं की कॅमेऱ्याची वायर कुणाच्या तरी पायात येऊन निसटली होती आणि एक फोटो रिकामाच साठवला गेला होता. प्रोग्रामनं तो रिकामा फोटो गुपचूप सोडून दिला, त्याचा निकालच लिहिला नाही. नावांची यादी मात्र होती तशीच होती. त्यामुळं त्या जागेपासून पुढं प्रत्येकाच्या नावापुढं दुसऱ्याचा निकाल लागला. फोटो आणि निकाल यांत एकाचा फरक पडतोय, एवढ्यावरून तिच्या हे लक्षात आलं होतं.

पवार मॅडम तिच्यावर सगळ्यांसमोर चिडल्या. "यापेक्षा आधीचंच बरं होतं. उशिरा का होईना, ज्याचं त्याला कळत होतं." रुबीनानं ऐकून घेतलं. मग ती हॉलच्या दारात उभी राहिली आणि जमलेल्या लोकांना म्हणाली, "कागद चुकलेत. चूक माझी हाय. ज्यांना मिळाले त्यांनी परत द्या. मी लगेच दुरुस्त करून देते, पण थांबावं लागंल." गलका झाला. एक जण म्हणाला, आमची जीप निघून जाईल. ती स्वतः बाहेर गेली आणि जीपवाल्याला थांबवून आली. आम्ही नावं ताडून कागद गोळा केले. एक कागद कमी होता. निवृत्तीकाका तो घेऊन घरी निघून गेले होते.

निवृत्तीकाका म्हणजे निवृत्त झालेले एसटी कंडक्टर. मी क्लासला जायचे त्या सकाळच्या गाडीवर तेच असायचे. गावाबाहेर, रस्त्याच्या कडेला त्यांचं घर. मी म्हणाले, मी भावाला पाठवते, तू काम कर. ती म्हणाली, "काकांना जे सांगायचं ते मलाच सांगावं लागंल." आधी तिनं सगळे फोटो एकेक करून नावाशी ताडले, हॉलमधल्या लोकांना बरोबर कागद दिले, मग मी भावाची स्कूटी काढली आणि ती लॅपटॉप पोटाशी धरून मागे बसली.

काका बाजेवर बसून पेपर वाचत होते. मला बघून खूश झाले. रुबीनानं सांगितलं, "काका, तुम्हाला दिला तो कागद तुमचा न्हाई." त्यांनी कागद उलटासुलटा केला. "ह्याच्यावर तर माझं नाव हाय. ठीक हाय म्हणून लिहिलंय." ती म्हणाली, "नाव तुमचं हाय, डोळा दुसऱ्याचा हाय." काकांनी पेपर बाजूला ठेवला. मग आवाज चढला. "तासाभरापूर्वी मी ठीक होतो, आता न्हाई म्हणता. उद्या येऊन तिसरंच सांगाल. चेष्टा लावली काय म्हाताऱ्या माणसाची?" मी मध्ये पडणार होते, पण तिनं हातानं थांबवलं. बाजेच्या कडेला बसली, लॅपटॉप उघडला आणि त्यांच्या डोळ्याचा फोटो त्यांच्या पुढ्यात धरला. केशरी पडदा, त्यावर लाल ठिपके. "हा तुमचा उजवा डोळा. हे रक्त साकळलंय. तुम्हाला दिसतंय नीट, म्हणून कळून नाही राहिलं. अजून वेळ हाय. नांदेडला यावं लागंल." काकूंनी आतून पाणी आणलं. काकांनी विचारलं, "हे नक्की माझंच का?" ती म्हणाली, "आता नक्की. मी तीनदा बघून आले." काका पुढच्या आठवड्यात नांदेडला आले. लेसर झालं. आजही ते पेपर वाचतात.

परतताना वाटेत तिनं स्कूटी थांबवायला लावली. एका बाभळीखाली बसली, ओठ निळसर झाले होते. मी घाबरले. ती म्हणाली, "थांब, येतोय श्वास." आणि थोड्या वेळानं, माझ्याशी बोलल्यासारखं नाही, "लवकर करायच्या नादात नाव सुटलं गं हातातून." त्यानंतर तिनं ती स्क्रिप्ट पुन्हा लिहिली. आता गठ्ठ्यातल्या प्रत्येक फोटोबरोबर त्या माणसाचा नंबर आत जातो आणि निकालाबरोबर तोच नंबर बाहेर येतो. फोटो खराब असला तर तो गुपचूप सोडून न देता "परत काढा" असं सांगतो. माणूस अजून समोरच बसलेला असतो, त्यामुळं परत काढताही येतो.

मॅडमचा राग ओसरायला वेळ लागला. ओसरल्यावर मात्र त्यांनाच घाई झाली. किल्लारीच्या पुढच्या शिबिराआधी त्या म्हणाल्या, सगळ्यांचे फोटो जमू देत, एकदमच लाव, म्हणजे प्रोग्राम एकदाच सुरू होईल. रुबीनानं नकार दिला. "मॅडम, मशीनचा वेळ वाचंल. पण सकाळी पहिली आलेली बाई दुपारपर्यंत ताटकळत बसंल." म्हणून तिनं लहान लहान गठ्ठे ठरवले, रांगेतली दहा-पंधरा माणसं झाली की एक. तेवढ्यानं मशीन फारसं अडत नाही आणि माणूसही अडत नाही. गठ्ठा किती मोठा घ्यायचा हे तिनं संगणकापुढं बसून ठरवलं नाही. शिबिर असायचं त्या शाळेच्या व्हरांड्यात एक बाई किती वेळ बसू शकते, तिची गाडी कधी आहे, हे विचारत विचारत ठरवलं.

किल्लारीला कोंडाबाई आल्या होत्या. स्वतःसाठी नव्हे, शेजारणीला हाताला धरून घेऊन आल्या होत्या. रुबीनाला त्या ओळखत नव्हत्या. टेबलापुढं उभ्या राहून म्हणाल्या, "हिचं आजच्या आज सांगा बाई." शेजारणीनं हातातला चहा संपवायच्या आत निकाल आला. रक्त होतं, दोन्ही डोळ्यांत. मॅडमनी फोटो बघितला आणि आमच्याच गाडीतून तिला त्याच दिवशी नांदेडला न्यायचं ठरवलं. तिच्या घरी निरोप द्यायला कोंडाबाईच निघाल्या. जाता जाता दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "मलाबी असंच त्याच दिवशी सांगितलं असतं तर..." पदर सावरून निघून गेल्या. रुबीना त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. त्या दिवशी आम्ही सगळे आनंदात होतो, ती नव्हती. गाडीत मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "एवढंसं काम होतं गं. एका दुपारचं. आधीच कुणीतरी बसून बघितलं असतं तर झालं असतं."

त्यानंतर शिबिरं वाढत गेली आणि तिचा दमही वाढत गेला. झडप पुन्हा खराब झाली होती. दुसरं ऑपरेशन करायला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं आणि ती पुढं ढकलत होती. आधी अब्बांचं आजारपण, मग अब्बा गेले, मग हे शिबिर झाल्यावर, मग ते झाल्यावर. दुसऱ्यांचा वेळ वाचवायला धडपडणारी ही बाई स्वतःचा वेळ असा वाया घालवते, याचा मला राग यायचा. आजही येतो. एकदा मी खूप भांडले. ती शांतपणे म्हणाली, "मला भीती वाटते, सुजाता." लहानपणी ऑपरेशनच्या टेबलावर झोपवताना अब्बांचा हात सोडावा लागला होता, तो क्षण तिला आठवत होता. आता तर अब्बाही नव्हते. मी म्हणाले, मी येते हात धरायला. ती हसली. पण पुढच्या आठवड्यात तिनं तारीख घेतली.

हैदराबादला जायच्या आधी मी तिला भेटायला लातूरला गेले. वरच्या खोलीत बॅग भरून ठेवलेली. तिनं मला लॅपटॉपपुढं बसवलं आणि शिबिरातला सगळा प्रकार माझ्या हातानं करून घेतला. मी चुकले की ती काही बोलायची नाही, नुसती वाट बघायची. मी म्हणाले, हे मला कशाला, तू परत आल्यावर तूच करशील. "करीन की," ती म्हणाली. "पण मला सुट्टी नको का?" खाली गाडी आली. उतरताना प्रत्येक पायरीवर ती थांबत होती. मी तिच्याबरोबर हैदराबादला गेले, टेबलावर नेईपर्यंत तिचा हात धरला. ऑपरेशन झालं, ती शुद्धीवर आली, तक्रारसुद्धा करायला लागली. "सकाळपासून तीनदा टोचून राहिले. सगळं रक्त एकदाच घ्या म्हणावं." नर्सही हसली. मी निर्धास्त होऊन नांदेडला परतले... आणि दोन दिवसांनी इम्रानचा फोन आला.

मागच्या आठवड्यात आमचं शिबिर लातूरलाच होतं, रुबीनाच्या मोहल्ल्याजवळच्या एका शादीखान्यात. लॅपटॉपपुढं मी होते. सकाळीच इम्रान अम्मीला घेऊन आला. अम्मीला शुगर आहे, पण ती कधी डोळे दाखवायला आली नव्हती. रांगेत बसली, फोटो काढून घेतला, पुन्हा येऊन बायकांच्या बाकावर बसली. गठ्ठा पुरा झाला तेव्हा मी तिला खूण करून टेबलामागं बोलावलं. वाटलं, तिला दाखवावं. "अम्मी, हे तिनं केलेलं." अम्मीनं चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी एकामागून एक येत होत्या, दुसरं काहीच नव्हतं. "हे एवढंच?" तिनं विचारलं. मी म्हणाले, हाव, एवढंच. ती ओळी थांबेपर्यंत उभी राहून बघत राहिली.

मुरुडनंतर रुबीनानं आमच्याकडे एक पद्धत पाडली. निकालाचा कागद नुसता हातात द्यायचा नाही. नाव मोठ्यानं वाचायचं, समोरच्या माणसानं हात वर करेपर्यंत थांबायचं आणि मग त्याच्याजवळ जाऊन द्यायचा. याला वेळ लागतो. एवढा वाचवलेला वेळ यात का घालवायचा, असं मीच तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "त्यासाठीच तर वाचवला."

मी कागद घेऊन उभी राहिले. एकेक नाव वाचत गेले, हात वर होत गेले. मग अम्मीचं नाव आलं. मी ते वाचलं. अम्मी समोरच होती, मला तिचा चेहरा पाठ आहे, तिला माझा. तरी मी थांबले. बाकावरच्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. अम्मीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग हळूच, शाळेतल्या मुलीसारखा, हात वर केला.